हेम्पच्या तेलातलं टर्पीनचं वऱ्हाड आणि आईच्या गोळ्यांचा डबा

पत्र थोडक्यात असं. कोथरूडच्या एक ताई, वय 48, नोकरी करतात, 74 वर्षांची आई त्यांच्याकडेच असते. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, रात्री दोन-तीनला जाग आली की परत झोप नाही. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिन चालू आहे, बीपीची गोळी आहे, झोपेसाठी अर्धी क्लोनाझेपाम. ताईंनी आधी ऑनलाइन हेम्प सीड ऑइल, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या बियांचं तेल मागवलं, महिनाभर रोज चमचाभर दिलं, काही फरक नाही. मग बंगळुरूचा भाचा म्हणाला, मावशी तू चुकीचं घेतलंस, विजयाचं, म्हणजे भांगेच्या अर्काचं फुल स्पेक्ट्रम तेल पाहिजे, त्यात टर्पीन असतात, त्यांच्याशिवाय सीबीडी, म्हणजे त्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य, कामच करत नाही, आणि त्याने एक बाटली आणूनही दिली. शिवाय एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलं की त्यात घरीच लॅव्हेंडरच्या आणि लवंगेच्या तेलाचे दोन-दोन थेंब टाकले की इफेक्ट डबल. नवरा म्हणतो भांग ती भांग, माझ्या घरात नको. आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही, "आयुर्वेदिक तेल आहे" एवढंच. आता प्रश्न: कोणतं तेल द्यायचं, थेंब टाकायचे का, आणि नवऱ्याला कसं पटवायचं.

ताई, भाच्याची बाटली तुम्ही सुरू केली की नाही ते पत्रातून नीट कळत नाहीये. केली नसेल तर तशीच कपाटात राहू दे. केली असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, आजच आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, कधी करायची ते विचारा. कारण खाली सांगतेच, पण हे आधी.

मी डॉक्टर नाही, हे दरवेळी लिहिते तसं याही वेळी लिहिते. सदाशिव पेठेत औषधांच्या दुकानात काउंटरमागे 26 वर्षं उभी राहिले, त्यातून जे कळलं आणि नंतर जे वाचलं ते सांगते. काउंटरवर एक गोष्ट रोज दिसायची, माणसं नवीन औषधाबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांबद्दल एकही नाही. तुमचंही तसंच झालंय, रागावू नका. वॉरफॅरिन तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत आणि टर्पीनवर दीड पान!

आता त्या दीड पानाकडे वळू, कारण विषय खरंच मजेदार आहे आणि भाचा अगदीच थापा मारत नाहीये.

टर्पीन म्हणजे झाडांमधली वासाची, हवेत पटकन उडून जाणारी द्रव्यं. टर्पेंटाइनवरूनच नाव पडलं. संत्र्याच्या सालीत लिमोनीन, धण्यात आणि लॅव्हेंडरमध्ये लिनॅलूल, मिऱ्यात आणि लवंगेत कॅरिओफिलीन, गवती चहात आणि आंब्यात मर्सीन. आपल्या पुण्यात पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे ना, 1950 साली सुरू झालेली, तिथे सुखदेव नावाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं टर्पीनवरच काम केलं, चीड झाडाच्या टर्पेंटाइनमधलं लॉंगिफोलीन वगैरे. म्हणजे टर्पीन हे काही परवा इंस्टाग्रामवर जन्माला आलेलं प्रकरण नाही. गांजाच्या, भांगेच्या, हेम्पच्या झाडाला जो उग्र वास असतो तो मुख्यतः याच मंडळींचा, आणि त्याच झाडात नशा आणणारं टीएचसी, नशा न आणणारं सीबीडी वगैरे कॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं असतात. तर भाच्याचं म्हणणं असं की सीबीडी नवरदेव आणि टर्पीन वऱ्हाड, आणि वऱ्हाडाशिवाय लग्न लागत नाही. इंग्रजीत याला जे नाव दिलंय, एन्टुराज इफेक्ट, त्याचा अर्थही साधारण तोच, लवाजमा.

पण हे नाव आलं कुठून ते बघा. 1998 साली इस्राएलच्या राफाएल मेशूलम यांच्या गटाने ते वापरलं. हे तेच मेशूलम, ज्यांनी 1964 मध्ये टीएचसी वेगळं काढून त्याची रचना सांगितली. पण 1998 च्या त्या पेपरात टर्पीन नव्हतेच! आपल्या शरीरात तयार होणारा एक कॅनाबिनॉइडसारखा पदार्थ आहे, त्याच्यासोबत दोन असे पदार्थ सापडतात की जे एकटे काहीच करत नाहीत पण सोबत असले की त्याचं काम वाढतं, एवढं ते निरीक्षण होतं. झाडातल्या टर्पीनना ही कल्पना तपशिलात लावली ती मुख्यतः ईथन रुसो यांनी, 2011 च्या एका मोठ्या लेखात. तो लेख म्हणजे "असं होत असावं, तपासून बघा" या प्रकारचा होता. पुढे बाजाराने त्यातलं "असावं" गाळलं आणि "बघा" पण गाळलं.

मग तपासलं का कुणी? तपासलं, आणि उत्तर खिचडी आहे. 2008 मध्ये दिसलं की कॅरिओफिलीन हे शरीरातल्या सीबी-2 नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपावर, स्वतःच काम करतं, म्हणजे मिऱ्यातला एक घटक एका अर्थाने कॅनाबिनॉइडच झाला की, आणि सीबी-1 वर काम करत नसल्याने नशा नाही. भाच्याला एक मार्क. पण 2019 आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या प्रयोगशाळांनी नेहमीचे टर्पीन घेऊन बघितलं की ते सीबी-1 आणि सीबी-2 वर कॅनाबिनॉइडचं काम वाढवतात का, तर तसं काही दिसलं नाही. 2021 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात उंदरांना जबर डोस इंजेक्शनने दिले तेव्हा परिणाम दिसला. आणि 2024 मध्ये जॉन्स हॉपकिन्सने 20 निरोगी माणसांवर केलेलं काम आलं, त्यात टीएचसीच्या वाफेबरोबर लिमोनीन दिलं तर टीएचसीने होणारी घबराट कमी झाली, लिमोनीन जास्त तशी घबराट कमी. मला यातलं सगळ्यात पटण्यासारखं हेच वाटतं, कारण माणसांवर, मोजून, आणि एकच टर्पीन घेऊन केलंय. पण ताई, तिथे टीएचसी होतं, वाफ होती, तरुण निरोगी माणसं होती. सीबीडीचं तेल, जिभेखाली, 74 वर्षांची बाई, गुडघे, यातलं काहीही नव्हतं.

भाचा म्हणेल, मग फिट्स येणाऱ्या मुलांचं काय? तोही मुद्दा खरा आहे. फिट्ससाठी सीबीडी घेणाऱ्यांच्या 2018 च्या एका आढाव्यात दिसलं की झाडाचा सगळा अर्क घेणाऱ्यांचा सरासरी डोस किलोमागे 6 मिलिग्रॅमच्या आसपास आणि शुद्ध सीबीडी घेणाऱ्यांचा 25 च्या आसपास, आणि सुधारणा साधारण सारखीच. म्हणजे अर्क थोडक्यात काम करतो असं वाटतं खरं. पण अर्कात टर्पीन असतात तसं थोडं टीएचसीही असतं, इतरही कॅनाबिनॉइड असतात, आणि यातलं बरंचसं पालकांनी सांगितलेलं. काम वऱ्हाडातल्या नक्की कुणी केलं ते कोण सांगणार? "सीबीडी एकटं कामच करत नाही" हे तर सरळ चूक आहे, कारण त्याच 2018 साली अमेरिकेत दोन दुर्मिळ प्रकारच्या फिट्ससाठी ज्या औषधाला मंजुरी मिळाली ते शुद्ध सीबीडीच आहे, टर्पीनचं वऱ्हाड नाही त्यात.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे या, म्हणजे गुडघ्यांकडे. व्हिएन्नात गुडघ्याच्या झिजेच्या 86 रुग्णांवर नीट चाचणी झाली, 2023 मध्ये छापून आली. रोज 600 मिलिग्रॅम सीबीडी, आठ आठवडे, सोबत पॅरासिटामॉल. नुसतं पॅरासिटामॉल आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही, वर सीबीडी घेणाऱ्यांची लिव्हरची तपासणी जास्त बिघडली. 600 मिलिग्रॅम! भाच्याच्या बाटलीवर समजा 30 मिलीत 1000 मिलिग्रॅम लिहिलंय, तर ही दोन दिवसही पुरली नसती, आणि तुम्ही देणार पाच थेंब. तेही शुद्ध सीबीडी होतं हे मान्य, टर्पीनवालं दिलं असतं तर फरक पडला असता असं भाचा म्हणू शकतो, पण मग त्याने टर्पीनवाल्या तेलाने गुडघे बरे झाल्याची चाचणी दाखवायला हवी.

लवंगेच्या थेंबांवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण मला खरी भीती तिथे वाटली. ग्रुपवरच्या माणसाचा हिशोब असा असणार की लवंगेत कॅरिओफिलीन असतं, म्हणून लवंगेचं तेल टाकू. पण लवंगेच्या तेलात कॅरिओफिलीन थोडं, मुख्य माल युजेनॉल, बहुतेकदा 70 टक्क्यांच्या वर. दाढ दुखली की कापसाला लावतो ते काम युजेनॉलचं. आणि युजेनॉल रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटण्यात अडथळा आणतं. म्हणजे वॉरफॅरिन घेणाऱ्या बाईला तुम्ही रक्त न गोठवणारी आणखी एक गोष्ट पाजणार, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ते कॅरिओफिलीन त्यात चिमूटभर. डिफ्यूझरसाठी विकलेली लॅव्हेंडरची बाटली तर पोटात घ्यायची वस्तूच नाही. जर्मनीत लॅव्हेंडरच्या तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेसाठी मिळते हे खरंय, पण ती औषध म्हणून मोजून बनवलेली. तुळशीबागेतल्या सुगंधी बाटलीचं आणि तिचं आडनाव एकच, घराणं वेगळं.

आणि गंमत सांगू? ढोबळ हिशोब करून बघा. धण्यात सुवासिक तेल एक टक्क्याच्या आत-बाहेर, त्यातलं साठ-सत्तर टक्के लिनॅलूल. म्हणजे चमचाभर, दोन ग्रॅम धणेपुडीत दहाएक मिलिग्रॅम लिनॅलूल आलं. समजा बाटलीवर टर्पीन एक टक्का लिहिलेत आणि तुम्ही अर्धा मिली दिलंत, तर सगळे टर्पीन मिळून पाचेक मिलिग्रॅम. त्यातले किती बाटली उघडझाप करताना उडाले ते देव जाणे, आणि अर्क काढताना, तापवताना बरेचसे उडतात म्हणून काही कंपन्या नंतर वरून घालतात, तेही हेम्पचेच असतील असं नाही. आमटीत गोडा मसाला घालणाऱ्या घराला टर्पीनचा दुष्काळ नाही हो. भाजताना थोडे जातात, तेवढं सोडा. आंबा खाल्ला की मर्सीनमुळे नशा चढते अशीही एक अफवा फिरते, त्यावर मी एवढंच म्हणेन की हापूसच्या पेटीचा भाव बघूनच आधी चढते.

इथे एक गल्लत आणखी सोडवते, कारण बऱ्याच पत्रांत येते. हळदीबरोबर मिरे घ्या, म्हणजे हळद अंगी लागते, हे सगळ्यांना माहीत झालंय. 1998 मध्येच बंगळुरूच्या एका अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरीनने हळदीतलं कर्क्युमिन माणसांच्या रक्तात 20 पट जास्त पोचलं असं दिसलं होतं. पण पायपरीन टर्पीन नाहीच, अल्कलॉइड आहे, आणि ते हे काम करतं ते लिव्हरची साफसफाई मंद करून. म्हणजे दुसरी औषधंही रक्तात जास्त वेळ राहू शकतात. एकमेकांसोबत काम वाढणं हे नेहमी चांगलंच असतं असं जे आपण गृहीत धरतो ना, तिथे जरा थांबायला हवं. सीबीडीचंही अगदी हेच आहे. वॉरफॅरिन ज्या एन्झाइमने मोडली जाते तिथेच सीबीडी आडवं येतं. फिट्सचा एक रुग्ण वॉरफॅरिनवर होता, सीबीडी वाढवत गेले तसा त्याचा आयएनआर चढत गेला आणि वॉरफॅरिनचा डोस सुमारे 30 टक्के कमी करावा लागला, अशी छापील नोंद आहे. त्याचे डॉक्टर मोजत होते म्हणून कळलं. तुमच्या घरी कोण मोजणार, जर डॉक्टरांना माहीतच नाही? शिवाय क्लोनाझेपामवर सीबीडीची सुस्ती, त्यात टीएचसी असेल तर चक्कर, आणि रात्री तीनला बाथरूमला जाताना आई पडली तर रक्त पातळ असलेल्या माणसाचं पडणं म्हणजे काय ते मी दुकानात बसून पुष्कळ ऐकलंय.

तेव्हा भाचा ज्या सोबतीबद्दल बोलतोय त्यापेक्षा मला आईच्या गोळ्यांच्या डब्यातली सोबत मोठी वाटते. तिथे पुरावा आहे आणि तिथे धोका आहे.

बाटल्यांबद्दल. तुम्ही मागवलेलं हेम्प सीड ऑइल हे बियांचं तेल. बियांत सीबीडी, टीएचसी जवळपास नसतंच, असलंच तर सालीला लागून आलेलं. खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयने नोव्हेंबर 2021 मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं, तेलात टीएचसी किलोला 10 मिलिग्रॅमच्या आत हवं अशी अट घालून. म्हणजे ते जवसाच्या तेलाचं भावंड, ओमेगा-3 वगैरे, आणि महिनाभर देऊन झोप आली नाही यात त्या तेलाची काही चूक नाही. विजयाचा अर्क हे वेगळं प्रकरण. औषधांच्या नियमांत भांग ई-1 यादीत आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं औषध, आणि पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर, वॉरफॅरिनचा शब्दही न निघता मिळालेलं प्रिस्क्रिप्शन मी देखरेख म्हणणार नाही. फुल स्पेक्ट्रम म्हणजे टीएचसीसकट सगळं, ब्रॉड म्हणजे टीएचसी काढून बाकीचं, आयसोलेट म्हणजे एकटं सीबीडी. अमेरिकेत हेम्प म्हणजे टीएचसी 0.3 टक्क्याच्या आत अशी व्याख्या आहे, त्या हिशोबाने तिकडचे लेख वाचून इकडची बाटली घेऊ नका, आपल्याकडच्या विजया तेलांत टीएचसी पुष्कळ जास्त असू शकतं. लेबलवर आंधळा विश्वास तर तिकडेही नको, 2017 मध्ये तिथे ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली तर जेमतेम 31 टक्क्यांची लेबलं बरोबर निघाली आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं.

म्हणून ज्या कुणा वाचकांच्या घरात अशी बाटली आहे आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय त्यांनी कंपनीकडून त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागावा. सीबीडी किती, टीएचसी किती, मिलीमागे मिलिग्रॅममध्ये. टर्पीनची नावं आणि टक्के, नुसतं "रिच इन टर्पीन्स" नाही. शिसं, कॅडमियम, कारण हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. आणि सॉल्व्हंट, म्हणजे अर्क काढायला वापरलेलं रसायन उरलंय का ते. रिपोर्ट देत नसतील तर बाटली परत. दुसरं, सीबीडी तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतलं तर उपाशीपोटीपेक्षा चौपट-पाचपट रक्तात जातं, त्यामुळे एक दिवस रिकाम्या पोटी आणि एक दिवस पुरणपोळीनंतर असं करू नका, काल जे पाच थेंब होते ते आज पंचवीस घेतल्यासारखे होतील.

तुमच्या आईसाठी मात्र माझं मत सरळ आहे, आत्ता हे तेल नको. गुडघ्यांसाठी फायदा दिसलेला नाही आणि वॉरफॅरिनशी भांडण दिसलंय. तरी करून बघायचंच असेल तर हृदयाचे डॉक्टर आणि तेल देणारे वैद्य दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवून, आयएनआरच्या तारखा आधी ठरवून, एकावेळी एकच बदल करून. लपवून नाही.

झोपेबद्दल तुम्ही लिहिलंय की आई दुपारी दोन ते चार झोपतात आणि सहाला परत चहा होतो. ताई, 74 व्या वर्षी दुपारी दोन तास झोपलं तर रात्री तीनला जाग येणारच. आठ दिवस वहीत लिहून ठेवा, दुपारी किती, चहा कधी, बीपीच्या गोळीने लघवी वाढते का, गुडघ्याने जाग येते की नुसतीच. ही वही डॉक्टरांना दाखवा, बाटलीपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, खुर्चीत बसून होतात. संध्याकाळी थोरात उद्यानात दोन सपाट फेऱ्या, उन्हं उतरल्यावर. लावायचं मलम हवं असेल तर तेही विचारूनच, वॉरफॅरिन आहे म्हणून.

आणि वास हवाच असेल तर नाकाने घ्या ना! 2018 मध्ये जपानमध्ये उंदरांना लिनॅलूलचा नुसता वास दिला तर ते शांत झाले, आणि ज्यांची वास घ्यायची ताकद घालवली होती ते झाले नाहीत. उंदीरच ते, पण निदान इथे लिव्हर मध्ये येत नाही. मोगऱ्यातही लिनॅलूल असतं. मंडईतून गजरा आणा आणि उशाशी ठेवा, झोप आली तर आली, नाहीतर खोलीला वास तरी येईल. दम्याचा त्रास असेल तर तेही नको.

आता नवरा. त्यांना पटवायची गरजच उरली नाही, पण ते बरोबर आहेत ते चुकीच्या कारणाने, एवढं त्यांना सांगा. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे शेंडे, चरस म्हणजे राळ, सुटी पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, पानाचे नियम राज्याराज्याचे वेगळे. भांग ती भांग इतकं ते सोपं नाही.

मला जास्त टोचलं ते आईला न सांगणं. "सांगितलं तर घेणार नाही" असं तुम्ही लिहिलंय. मग नाही घेणार, औषध त्यांच्या पोटात जाणार आहे. आणि व्यवहाराचंही बघा, उद्या पडल्या आणि कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं आजी काय काय घेता, तर त्या काय सांगणार, आयुर्वेदिक तेल? तुमच्या आईने आयुष्यभर होळीची थंडाई बघितलीय, तुम्हाला वाटतं तेवढ्या त्या दचकणार नाहीत. गोळ्यांच्या डब्यात एक चिठ्ठी ठेवा, सगळ्या औषधांची नावं, डोस, आणि कोणतंही तेल, काढा, चूर्ण असेल ते. आईच्या अक्षरात लिहून घ्या, म्हणजे त्यांनाही पाठ होईल.

भाच्यावर चिडू नका, मावशीसाठी पदरचे पैसे घातलेत त्याने. पुढच्या वेळी येताना बाटलीऐवजी लॅब रिपोर्ट घेऊन ये म्हणावं.

राहिलं ते हेम्पच्या बियांचं उरलेलं तेल. टाकू नका, महाग असतं. फोडणीला वापरू नका, जळतं आणि कडू होतं. कुमाऊँकडे याच बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, तर तुम्ही आपली कारळ्याची किंवा जवसाची चटणी करा आणि वरून कच्चंच चमचाभर घाला. फ्रिजमध्ये ठेवा, खवट वास आला की संपलं. नवऱ्याला वाढताना आधी सांगून वाढा म्हणजे झालं.